निळ्या रेकॉर्डवरचा उशिराचा ठोका

मंगरूळपीरच्या बँडपार्टीत मी साईड ड्रम वाजवायचो. आम्ही अकरा जण होतो. उस्ताद क्लॅरनेट वाजवायचे, आणि वरातीत त्यांच्या उजव्या हाताला चालायची जागा माझी होती. उस्ताद पुढे काय करणार हे मला त्यांच्या खांद्यावरून कळायचं. खांदा जरा वर गेला की चाल बदलणार, मान खाली गेली की थांबणार. पंचावन्न सालच्या आसपासची ही गोष्ट आहे. माझं वय सव्वीस, लग्नाला चार वर्षं झालेली, आणि आपल्या भागात आपल्याइतका मोकळा हात कोणाचा नाही अशी माझी पक्की समजूत होती.

त्या वर्षी माघात, लग्नसराईच्या तोंडावर, कामठीहून एक ड्रमवाला आमच्याकडे आला. उस्तादांच्या ओळखीच्या कोणीतरी त्याला धाडलं होतं. मोटारीतून उतरला तेव्हा त्याच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती आणि गोणपाटात शिवलेला ड्रम. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, अंगानं किडकिडीत, पायात मात्र काळे बूट. कामठीच्या छावणीत गोऱ्या साहेबांचा क्लब होता, तिथे नाचाच्या बँडमध्ये तो अगदी कोवळ्या वयापासून वाजवत होता. साहेब गेले, क्लब बंद पडला, आणि हा वराती वाजवायला लागला.

उस्तादांनी आम्हा सगळ्यांसमोर त्याला वाजवायला बसवलं. आधी एक मार्च घेतला. तो अगदी साधा वाजला. माझ्या जिवात जीव आला. मग उस्तादांनी एक संथ चाल धरली. हा माणूस मान खाली घालून इतकं हळू वाजवायला लागला की शेजारी बसलेल्या मला कान टवकारावे लागले. आणि तेवढ्यात उस्तादांच्या क्लॅरनेटमधून असं काहीतरी निघालं, जे मी सात वर्षांत त्यांच्या उजव्या हाताला चालून कधी ऐकलं नव्हतं. चाल तीच होती. पण ते तिला घेऊन कुठे कुठे गेले, आणि परत येताना घाईत नव्हते.

वाजवणं संपल्यावर उस्तादांनी क्लॅरनेट फडक्यानं पुसलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "उद्यापासून तू इकून चाल." हात त्यांनी उजवीकडे दाखवला. पुढच्या वरातीत मी डावीकडे, झांजवाल्याच्या शेजारी होतो.

हे मी कसंबसं पचवलं असतं. पण आठ दिवसांनी एक वरात आमच्या गल्लीवरून गेली. मी घरी आलो तेव्हा बायको ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, "आज तुमचा हात लय मोकळा लागून राह्यला होता. मी भिंतीआडून ऐकून राह्यली होती. शेजारची बुढी बी म्हणे, आज काई येगळंच वाजते."

त्या दिवशी मी डावीकडे नुसता ठेका धरून चाललो होतो. तिनं जे ऐकलं ते त्याचं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. हं म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो. चार वर्षांत तिनं माझ्या वाजवण्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला शब्द होता.

त्याच्या त्या पत्र्याच्या पेटीत कपडे थोडेच होते. जुन्या घोंगडीत गुंडाळलेल्या चार रेकॉर्डी होत्या. क्लबचं सामान निघालं तेव्हा त्यानं त्या मागून घेतल्या होत्या. वाजवायला फोनो मात्र नव्हता. फोनो आमच्या ओळखीत एकाकडेच होता, बाजारातल्या टेलरचाचांकडे. आमच्या बँडचे लाल कोट तेच शिवायचे, म्हणून आमचं तिथे बसणं-उठणं होतं. चाचा दुपारी गिऱ्हाईक नसलं की चावी भरून गाणी लावायचे आणि मशीन चालवायचे. कामठीवाल्यानं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच कापडाचे तुकडे बाजूला करून एका लाकडी खोक्यात रेकॉर्डींना जागा करून दिली.

रेकॉर्डींवरची अक्षरं इंग्रजी होती आणि आमच्यातल्या कोणालाच ती वाचता येत नव्हती. म्हणून मधल्या कागदाच्या रंगावरून आम्ही त्यांना ओळखायचो. एक लाल, एक काळी, एक निळी, आणि चौथीची कड उडालेली होती म्हणून ती फुटकी. त्यातल्या संगीताला कामठीवाला जॅझ म्हणायचा. आमच्या पार्टीत मोठा ढोल वाजवणारे माझे सख्खे मामा होते, त्यांना तो शब्द कधी धड लागला नाही. ते म्हणायचे, "चाल, जहाजाचा बाजा ऐकू." त्यांना खरंच वाटायचं की हे लोक जहाजावर बसून वाजवतात.

पहिल्यांदा आम्ही चौघं ऐकायला बसलो ती दुपार मला चांगली आठवते. चाचा मशीनवर, मामा दाराशी भिंतीला टेकून, कामठीवाला फोनोजवळ उकिडवा, आणि मी कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. मी ऐकायला आलो नव्हतो. याच्या पेटीत असं काय आहे ते बघायला आलो होतो.

मामांना लाल आवडली, आणि का आवडली ते त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. त्या रेकॉर्डमध्ये पितळी बाजे खूप होते, सगळे एकदम तुटून पडायचे. पण मधेच ते सगळे गप्प व्हायचे आणि नुसता मोठा ढोल चार ठोके द्यायचा. मग पुन्हा सगळे. कामठीवाल्यानं सांगितलं की हा ढोल तो माणूस पायानं वाजवतो. मामांचा विश्वास बसेना. त्यांनी विचारलं, मग हातानं काय करतो. हातानं बाकीचं सगळं, असं उत्तर आलं. मामा बराच वेळ आपल्या पायाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वरातीत ढोल कोणी ऐकत नाई. बंद झाला तरच लोकायले समजते का तो होता. इथं त्याले चार ठोके एकट्याले भेटले. आन् तो भेला नाई, हे पाय."

काळी चाचांची. ते काही वाजवणारे नव्हते, पण त्यांचा पाय दिवसभर मशीनच्या पायट्यावर असायचा. काळी लावली की पाय आपोआप तिच्यासोबत चालायचा आणि शिवण सरळ जायची, म्हणून ती त्यांना आवडायची. ईदच्या आधी कामाची गर्दी झाली तेव्हा त्यांनी ती एका दुपारी इतक्या वेळा लावली की समोरच्या पानवाल्यानं हात जोडले.

आणि निळी त्याची होती. ती लावायच्या आधी त्यानं पिन बदलली. अगदी संथ होती ती. एक बाजा कानाशी तोंड आणून बोलल्यासारखा चालला होता, खाली पियानो होता, आणि ड्रम कुठे आहे तेच मला कळेना. एक सारखी खसखस ऐकू येत होती. मी म्हणालो की रेकॉर्ड घासलेली आहे. तो हसला. चाचांच्या कोपऱ्यातला झाडायचा फडा त्यानं उचलला, त्यातल्या मूठभर काड्या काढून टेबलाशी ठेवलेल्या माझ्या ड्रमवर गोल फिरवल्या, आणि तशीच खसखस निघाली. तिकडे तारांचा ब्रश असतो, ड्रमच्या काड्यांऐवजी तो घेतात, असं त्यानं सांगितलं. मग बोट वर करून आम्हाला गप्प केलं आणि शेवटाकडे एका जागी हलकेच म्हणाला, "आता."

मला काहीच ऐकू आलं नाही.

रेकॉर्ड संपली. त्यानं आम्हाला समजावलं, तो ठोका जिथे पडायला पाहिजे तिथे पडत नाही, जरासा मागून पडतो, आणि तेवढ्यात बाजेवाल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा "आता." चाचांनी मान हलवली. मामा, ज्यांना आयुष्यभर ढोलाशेजारी उभं राहून एका कानानं कमीच ऐकू यायचं, ते मामासुद्धा म्हणाले, "हो, पडला. मागून पडला." मीही मान हलवली. खरं तर मला तेव्हाही काही ऐकू आलं नव्हतं.

मला त्याच्या हाताचा हेवा आधीपासून होताच. हात चालवून चालवून मोकळा करता येतो, सहा महिने पहाटे उठून रियाज करीन असं मी ठरवूनही टाकलं होतं. पण त्या दुपारी मला कळलं की त्याच्याजवळ कान आहे. तीन मिनिटांच्या त्या रेकॉर्डमध्ये त्याला एक जागा ऐकू येते आणि मला ती नाहीच. याचा रियाज कुठे करायचा ते मला ठाऊक नव्हतं.

त्यानं मला विचारलं, "भाऊ, तुमची कोणती?" मी म्हणालो, मला यातली एकही नाही आवडली, हे आपलं वाजवणं नव्हे. हे खोटं होतं. मला फुटकी आवडली होती. कड उडाल्यामुळे तिची सुरुवात गेली होती, पिन एकदम मधेच ठेवावी लागायची. तिच्यातला ड्रमवाला घाई करायचा. बाकीचे सगळे एका चालीनं जात असताना हा अर्धं पाऊल पुढे, आपण मागे पडू या भीतीनं पळत असल्यासारखा, आणि ट्रम्पेटवाला एकेक लांब सूर काढून त्याला मागे ओढायचा. तो माणूस मला लगेच ओळखू आला. पण त्याला आवडतं म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर आपलं काहीतरी उघडं करणं वाटलं, आणि तेही कामठीवाल्यासमोर.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी एकटाच चाचांकडे जायला लागलो. कामठीवाला त्या वेळी झोपायचा. मी चाचांना म्हणायचो, लावा कोणतीही, आणि निळी पुढे करायचो. चाचा मशीन चालवायचे, मी डोळे मिटून बसायचो. पाचव्या की सहाव्या दिवशी तो ठोका मला ऐकू आला. खसखस चाललेली, बाजेवाला उतरत आलेला, आता पडणार असं वाटतं, पडत नाही, आणि आपण सोडून दिलं की मग पडतो. मी चाचांना पुन्हा लावायला सांगितलं आणि पुन्हा तो पडला. क्षणभर मला फार आनंद झाला. पण लगेच मनात आलं, हे सुख याच्यापाशी किती वर्षांपासून आहे. हा रोज उठतो तेव्हा हे त्याला माहीत असतं. आणि आनंद गेला.

मी तो ठोका बसवायला लागलो. घरी पाटावर, रस्त्यानं चालताना मांडीवर. चैत्रात कामरगावची एक वरात होती. त्याच्या दोन दिवस आधी पेटीच्या पत्र्यानं कामठीवाल्याचा तळहात कापला होता, हाताला फडकं बांधलेलं होतं, म्हणून उस्तादांनी मला उजवीकडे घेतलं. दिवस कलताना वरात गावात शिरली. मांडवाजवळ आल्यावर उस्तादांनी संथ चाल धरली, आणि मी वाट पाहून, बरोबर जागा साधून, तो ठोका उशिरा टाकला. उस्तादांनी चालता चालता माझ्याकडे वळून पाहिलं. मी आणखी दोनदा टाकला. वऱ्हाडातला एक म्हातारा पुढे येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

जेवणं झाल्यावर कामठीवाला माझ्याजवळ येऊन बसला. मी मनातल्या मनात भांडायला तयार होतो. तो म्हणेल, माझी चीज चोरली, आणि मी म्हणेन, तुझी कशी, ती तर रेकॉर्डमधली आहे. पण तो खूश होता. अगदी मनापासून खूश होता. म्हणाला, "भाऊ, तुमाले ऐकू आला त. मले लय बरं वाटलं. मामाले आला, तुमाले नाई आला, असं मले त्या दिशी वाटलं होतं."

म्हणजे माझं मान हलवणं खोटं होतं हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मग तो फडकं बांधलेल्या हातानं मांडीवर ठेका धरून म्हणाला, "फक्त तुमी त्या ठोक्याची वाट पाहून राह्यले. तो माणूस वाट नाई पाहत. तो बाजेवाल्याले ऐकून राह्यला, त्याच्यात त्याचा ठोका राहून जाते. ध्यानात आलं का मंग टाकते. म्हनून उशीर होते."

यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते त्यानं मला कमी लेखायला सांगितलं नव्हतं. आपल्या आवडीची गोष्ट आणखी एकाला दिसली म्हणून तो बोलत होता. त्या रात्री परत येताना बैलगाडीत तो मामांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. मी जागाच होतो.

वैशाखातली कलती दुपार होती. मी चाचांच्या दुकानात बसलो होतो, निळी नुकतीच वाजून संपली होती. चाचांनी ती फोनोवरून काढून टेबलावर ठेवली, अर्धी लाकडी पट्टीवर, अर्धी अधांतरी, आणि तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ झाली म्हणून घाईनं टोपी घातली. मला म्हणाले, "बस जरा. बकऱ्या येतात, कापड चावतात."

चाचांच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला होतं. दुपार कलली की पत्र्याच्या पडवीखालून ऊन आत यायचं, म्हणून त्यांनी दाराला गोणपाटाचा पडदा केला होता. रोज ते तो सोडायचे. त्या दिवशी घाईत विसरले.

ऊन आधी उंबऱ्यावर आलं. मग टेबलाच्या पायाशी. एक बकरी आली, तिला मी हाकललं आणि परत येऊन बसलो तेव्हा ऊन टेबलावर चढलं होतं. आधी खडूचा तुकडा उजळला, मग कात्री. रेकॉर्ड तिथून वीतभर होती. उन्हात रेकॉर्ड ठेवू नये हे कामठीवाल्यानं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि वैशाखातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते मला सांगायला नको. मला फक्त हात लांब करायचा होता. मी तो मांडीवर ठेवला. उन्हाची कड निळ्या रेकॉर्डच्या काठाला लागली, मग हळूहळू अर्ध्यावर आली, आणि तिच्या काळ्या रेघा इतक्या चमकायला लागल्या की मला दुसरीकडे पाहावं लागलं. मी तिला हात लावला नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की मी हात लावला नाही.

थोड्या वेळानं पाहिलं तर अधांतरी बाजू खाली लवली होती. तेव्हा मी घाबरलो. उठून गोणपाटाचा पडदा सोडला आणि जागेवर येऊन बसलो. चाचा परत आले, त्यांनी पडदा वर केला, टेबलाजवळ गेले आणि तिथेच उभे राहिले. पडदा सोडलेला होता, म्हणजे तो त्यांनीच जाताना सोडला असणार, आणि आपण रेकॉर्ड अर्धी अधांतरी ठेवली म्हणून दुकानातल्या उष्म्यानंच ती वाकली असणार, असं त्यांना वाटलं. मी काही पाहिलं का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी कामठीवाला आला तेव्हा चाचांनी स्वतः पुढे होऊन सांगितलं, "बेटा, मेरे हातून झालं." त्यानं रेकॉर्ड दोन्ही तळव्यांवर घेतली, डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली. मग त्यानं चाचांनाच धीर दिला, आणि दोन काचा मिळतील का असं विचारलं. चाचांनी आपल्या घरातल्या तसबिरीच्या काचा आणल्या. रेकॉर्ड दोन काचांमध्ये ठेवून त्यांनी ती दुसऱ्या दिवशी थोडी उन्हात गरम होऊ दिली आणि वर चाचांची कोळशाची इस्त्री वजनाला ठेवली. मी काचा धरायला मदत केली.

तिसऱ्या दिवशी लावून पाहिली. काठाकडे पिन उड्या मारत होती, पहिलं मिनिटभर काही वाजतच नव्हतं. मग सूर वरखाली झुलत यायला लागला. मामांना हसू आवरेना. कामठीवालाही हसला आणि म्हणाला, आता हा बाजेवाला पिऊन वाजवून राह्यला. पण जसजशी पिन आत आत गेली तसतशी रेकॉर्ड सरळ होत गेली, कारण वाक सगळा बाहेरच्या बाजूला होता. आणि शेवटी, अगदी मधल्या कागदाजवळ, तो ठोका जसाच्या तसा पडला. त्यानं चाचांचा हात धरला. "चाचा, ठोका वाचला," तो म्हणाला. "बाकीचं मले पाठ हाये."

मी तिथे बसून होतो. एवढं करूनही त्याचं काहीच कमी झालं नव्हतं, आणि मला त्या वाकड्या रेकॉर्डवरच्या त्याच्या प्रेमाचाही हेवा वाटला.

नुकसान झालं ते चाचांचं. दुसऱ्याची चीज आपल्याकडून खराब झाली हे त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी फोनो दुकानातून उचलून घरी नेला. आपल्याला त्याची निगा ठेवता येत नाही असं ते म्हणायचे. बाजारातली दुपार मुकी झाली. मशीनचा आवाज तेवढा राहिला, तोही पूर्वीसारखा एकसारखा नव्हता.

ज्येष्ठात लग्नं संपली आणि कामठीवाल्याला नागपूरच्या एका हॉटेलातल्या बँडमध्ये बोलावणं आलं. तो निघाला त्या सकाळी मी मोटारीपर्यंत त्याची पेटी घेऊन गेलो. पेटी टपावर चढली. मोटार सुटायला वेळ होता. मी त्याला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. ऊन, पडदा, बकरी, सगळं. मला वाटलं होतं तो हसून सोडून देईल, कारण तो सगळंच सोडून द्यायचा.

तो रागावला. मी त्याला पहिल्यांदाच रागावलेलं पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "चाचाले सांगतलं?" त्यानं विचारलं.

"नाई," मी म्हणालो.

"मंग मले कायले सांगून राह्यले? मी त जाऊन राह्यलो. तुमाले सोपं पडते म्हनून मले सांगतलं."

तो मोटारीत चढला आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला. मोटार निघेपर्यंत मी उभा होतो. त्यानं इकडे पाहिलं नाही.

चाचांना सांगायला मला पंधरा दिवस लागले. दोनदा दुकानापर्यंत जाऊन परत आलो. शेवटी एका सकाळी गेलो तेव्हा ते एका सदऱ्याला काजं करत होते. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांची सुई थांबली नाही. एक काज पूर्ण झालं, त्यांनी धागा दातानं तोडला, आणि विचारलं, "काहून?" मी म्हणालो, त्याला जे ऐकू येत होतं ते मला येत नव्हतं म्हणून. चाचांनी सदरा घडी केला. मग म्हणाले, "मी तुले बकऱ्यायसाठी बसवलं होतं. माणसाचा घोर मले नव्हता." आणि उद्यापासून दुकानात बसायला येऊ नको असं त्यांनी सांगितलं, अगदी शांतपणे.

मामांनाही मीच सांगितलं. ते माझ्याशी आखाडभर बोलले नाहीत. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वरातीची वेळ सांगितली. माझी उजव्या हाताची जागा मला परत मिळाली. पण उस्ताद माझ्याशेजारी पूर्वीसारखंच वाजवायला लागले, नेटकं, चालीला धरून. कामठीवाल्यासोबत ते जिकडे जिकडे जायचे तिकडे ते पुन्हा कधी गेले नाहीत. मी त्यांच्या खांद्याकडे पाहायचो. तो वर जायचा, खाली यायचा. मला सगळं आधी कळायचं आणि त्यात काहीच नसायचं.

दिवाळीच्या सुमारास चाचांनी फोनो दुकानात परत आणला. मी समोरच्या पानवाल्याकडे उभा राहून ऐकायचो. चाचांना ते दिसायचं. ते बोलावत नव्हते आणि हाकलतही नव्हते.

वर्षभरानं नागपूरहून चाचांच्या नावानं एक कार्ड आलं. त्यांनी मला समोरच्या पानवाल्याकडून बोलावून घेतलं, आणि मी कितीतरी दिवसांनी तो उंबरा ओलांडला. चाचांनी कार्ड वाचून दाखवलं. तब्येत, पाऊसपाणी, मामांना सलाम. शेवटी एक मजकूर माझ्यासाठी होता. हॉटेलात एकानं एक नवी रेकॉर्ड आणली आहे, तिच्यातला ड्रमवाला झांजेवर नुसती काडी टेकवतो आणि ती झांज पूर्ण गाणं संपेपर्यंत वाजत राहते असं वाटतं. भाऊला सांगा, असं त्यानं लिहिलं होतं.

ते मी चाचांकडून दोनदा वाचून घेतलं. तिथे बसून तो ते ऐकत असेल हे डोळ्यासमोर आलं आणि मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. तरी मी चाचांना विनंती केली की माझ्याकडून एक ओळ लिहा. काय लिहू, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काडी टेकवल्यावर तो हात उचलतो का तसाच ठेवतो, ते विचारा. चाचांनी लिहिलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं, नागपूरला या आणि स्वतः ऐका. मी गेलो नाही. मामा गेले, त्यांना तिकडे नातेवाइकाकडे जायचंच होतं. परत आल्यावर ते आमच्या ओट्यावर बसून तासभर सांगत होते. तिथे कसा मोठा दिवाणखाना आहे, हा कसा काळा कोट घालतो, लोक जेवता जेवता कसे थांबतात. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी मामांना विचारलं की त्यानं हात उचलला का ठेवला. मामा म्हणाले, त्यांनी ते पाहिलंच नाही, ते त्याच्या पायाकडे पाहत होते.